झाकण लावल्यावर

उत्कर्षाबाईंचा निरोप होता, "चारनंतर या. आधी आलात तर जिन्यात थांबावं लागेल." रुमाना पुण्यातच वाढलेली. शनिवार पेठेतल्या माणसानं याहून गोड बोलावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. ती पावणेचारला पोचली, जिन्यात थांबली आणि चारच्या ठोक्याला तिनं बेल वाजवली.

काम तसं साधंच होतं. जुनी दुर्बीण विकत घ्यायची आणि सोबत तिला जोडायचा कॅमेरा. ग्रहांचे, तेजोमेघांचे, दूरच्या दीर्घिकांचे फोटो काढायचं वेड रुमानाला तीन वर्षांपासून लागलं होतं, पण आजवर सगळं मागून आणलेल्या सामानावर चाललेलं. आता मात्र तिला घाई होती. घाईचं कारण घरी येरवड्याला खिडकीशी बसलेलं असायचं. तिचे अब्बा.

मकबूलभाईंनी तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि मग काचबिंदूनं त्यांचे डोळे कडेकडेनं खायला सुरुवात केली. आता समोरचं नाण्याएवढं काय ते दिसायचं. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने, फार तर वर्ष. रुमाना लहान असताना वीज गेली की हेच अब्बा तिला गच्चीवर न्यायचे, बोटानं दाखवायचे, "ते धुक्यासारखं दिसतं ना, ती देवयानी. आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे ती. एकदा नीट बघायचीय मला." एवढ्या वर्षांत ते 'एकदा' काही आलं नाही. रुमानानं मनाशी ठरवलं होतं, नाण्याएवढं का होईना, दिसतंय तोवर देवयानीचा फोटो टीव्हीभर लावून अब्बांना त्याच्यासमोर बसवायचं. एवढीच तिची मागणी होती बघा, आणि ती काही जगावेगळी नव्हती.

दार उघडलं. उत्कर्षाबाई साठीच्या, काटक, केस घट्ट बांधलेले. त्यांनी खोकं दिवाणाखालून ओढलं. दुर्बीण लखलखीत, आरसा स्वच्छ, कॅमेरा नव्यासारखा. रुमाना हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करायची. दुसऱ्यानं केलेल्या कामातली चूक शोधायची, आणि सापडली नाही तर आपलंच लक्ष नव्हतं असं समजायचं. आठ वर्षं हेच केल्यावर माणूस भाजीवाल्याच्या तराजूकडेसुद्धा संशयानं बघतो.

"काकू, एवढी स्वस्त का देताय?"

"महाग करून देऊ का?"

रुमाना खोक्यावर वाकली. खोक्याच्या झाकणावर चिकटपट्टीनं एक कागद लावलेला होता. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'काच हाताने पुसू नये. झाकण लावून फोटो काढू नयेत. कारण विचारू नये.'

तिला हसू आलं. आकाशाचे फोटो काढणारा कुठलाही माणूस हसला असता. त्याचं असं आहे, कॅमेऱ्याला आकाशाकडे तीन-तीन मिनिटं डोळा लावून बसवलं की तो तापतो आणि फोटोत नसलेले ठिपके उमटवतो. म्हणून ही मंडळी शेवटी दुर्बिणीवर झाकण लावून तेवढ्याच वेळाचे वीस-पंचवीस फोटो निव्वळ अंधाराचे काढतात. त्यांना 'डार्क' म्हणतात. त्यात फक्त ते खोटे ठिपके असतात. मग संगणक ते डार्क खऱ्या फोटोंतून वजा करतो आणि चित्र निवळतं. यात हयगय करायची नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. रुमानाला वाटलं, नवरा तासभर झाकण लावून फोटो काढत बसतो हे बघून बाईंचं डोकं फिरलं असणार, म्हणून ही पाटी.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिथे वेताच्या खुर्चीत कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. तपकिरी स्वेटर आणि वर गोंडा असलेली, कानांच्या वर दुमडलेली माकडटोपी. खोलीतून निलगिरीच्या तेलाचा वास येत होता.

"काकांना विकायची नाहीये का?" रुमानानं हळूच विचारलं.

"गोपाळकृष्णांचं बघून झालंय," बाई म्हणाल्या आणि खोकं तिच्याकडे सरकवलं.

ती उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा आतून आवाज आला. म्हाताऱ्यानं मान वळवली नव्हती.

"तुमच्याकडे गच्ची आहे ना?"

"आहे."

"मोकळी?"

"हो, मोकळी आहे."

"मग बरं झालं," तो म्हणाला.

दिवाळी होऊन गेली होती, आकाश निवळलं होतं. येरवड्याच्या आकाशाबद्दल फार बोलू नये. एका बाजूला तुरुंगाच्या भिंतीवरचे दिवे, दुसऱ्या बाजूला दर दहा मिनिटांनी उतरणारं विमान. तरी गुरुवारी रात्री हवा स्थिर होती. रुमाना हिरवा स्वेटर घालून गच्चीवर गेली. अम्मीनं, हमीदानं विणलेला तो शेवटचा स्वेटर, उजव्या बाहीची वीण उसवलेली. अम्मी जाऊन नऊ वर्षं झाली तरी ती उसवण रुमानानं सांधली नव्हती. पाण्याच्या निळ्या टाकीशेजारी तिनं दुर्बीण लावली, देवयानीचे चाळीस फोटो काढले आणि शेवटी, रीतीप्रमाणे, झाकण लावून वीस डार्क.

झाकण लावताना नळीतून निलगिरीचा वास आला. जुन्या मालकाच्या घरचा वास असेल, असं म्हणून तिनं तो सोडून दिला.

सकाळी तिनं संगणकावर सगळं जुळवलं. देवयानी अशी उमटली होती की रुमानाला क्षणभर भरूनच आलं. तिरकी तबकडी, धुळीचे पट्टे, सगळं. पण बरोबर मधोमध एक काळं भोक होतं. वरचा भाग गोल, खाली रुंद. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की ते डोकं आहे आणि खाली खांदे आहेत.

आता ज्याला यातलं कळतं त्याला हेही कळतं की चित्रात काळं भोक पडलं तर जे वजा केलं त्यात काहीतरी होतं. म्हणजे डार्कमध्ये. झाकण लावलेल्या फोटोंमध्ये. तिनं पहिला डार्क उघडला, उजेड वाढवला, आणखी वाढवला. अंधार राखाडी झाला. त्यात पाठमोरा माणूस बसला होता. डोक्यावर गोंड्याची टोपी होती.

रुमाना घाबरली नाही. तिला राग आला. म्हाताऱ्यानं आपला फोटो कॅमेऱ्यात कुठेतरी दडवून ठेवलाय, आपल्याला मुद्दाम खराब माल गळ्यात मारलाय, उगीच नाही स्वस्त दिला. कुठेतरी पाणी मुरतंय, ती म्हणाली. आणि मुरतंय कुठे ते शोधून काढायचं हा तर तिचा धंदाच.

शनिवारी भरदुपारी तिनं दुर्बीण गोधड्यांत गुंडाळली, लाकडी कपाटात ठेवली, दार लावलं आणि वीस डार्क काढले. उजेड शिरायचा प्रश्नच नव्हता. माणूस होताच. मग तिनं पहिला आणि विसावा फोटो शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात नुसती पाठ होती. विसाव्यात टोपीखाली कानाची कड दिसत होती.

तिनं झाकण काढून नळीत टॉर्च मारला. आत आरसा होता आणि त्यात तिचाच मोठा झालेला डोळा.

रविवारी तिनं कॅमेरा बदलला, स्वतःचा जुना जोडला. दोष कॅमेऱ्याचा असेल तर आता माणूस जायला हवा होता. तो गेला नाही. अख्खा कान दिसला, गालाचं हाड दिसलं, चष्म्याची काडी दिसली. पहिल्या दिवसापासूनचे साठ फोटो तिनं भराभर एकामागून एक चालवले. माणूस तिच्याकडे वळत होता. अगदी सावकाश, खुर्चीत बसल्या बसल्या. आणखी वीस फोटो, तिनं अंदाज केला, की पूर्ण तोंड दिसेल.

तेव्हा मात्र तिनं कॅमेऱ्याची वायर ओढून काढली आणि सरळ रिक्षा करून शनिवार पेठ गाठली. चार वाजायची वाट पाहिली नाही.

उत्कर्षाबाईंनी दार उघडलं, तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाल्या. गोपाळकृष्ण त्याच खुर्चीत होते. बाईंच्या हाताला तेल होतं. नवऱ्याचा उजवा खांदा चोळता चोळता त्या उठून आल्या होत्या. या वेळी रुमाना थेट समोर जाऊन उभी राहिली आणि तेव्हा तिला दिसलं की चष्म्यामागचे डोळे उघडे आहेत आणि कशावरच नाहीत.

"रुमाना का?" ते म्हणाले. "आज गच्चीवर नाही गेलात. गुरुवारी दोरीवर पायजमा होता... निळी टाकी गळते वाटतं तुमची. खाली ओल दिसते."

रुमाना एक पाऊल मागे सरली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? झाकण लावलं की मला दिसतं. काढलं की काळोख. इथे दोन वर्षं खोक्याची आतली बाजूच बघत होतो." ते थांबले. "काल मात्र गोधड्या होत्या नुसत्या."

"यांच्या आधीचे एक गृहस्थ होते," उत्कर्षाबाई मागून म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "त्यांनी यांना विकली. हे डार्क काढायचे. त्यात ते गृहस्थ दिसायला लागले, पाठमोरे. मग वळले. ज्या दिवशी त्यांचं तोंड दिसलं त्या दिवशी यांचे डोळे गेले. आणि त्या गृहस्थांचे... परत आले."

"आणि तुम्ही मला विकलीत."

"पाटी लावली होती. आम्हाला कुणी पाटीसुद्धा दिली नव्हती."

"पण पाटी वाचून कुणी ऐकणार नाही, हे ठाऊक होतं तुम्हाला. डार्क काढल्याशिवाय कोण राहतं?"

बाई पदराला तेल पुसत राहिल्या.

रुमाना म्हाताऱ्याकडे वळली. "तुम्हाला सुटायचंय. म्हणून तुम्ही मुद्दाम वळताय."

"मी वळत नाही हो..." गोपाळकृष्ण म्हणाले. "माझं तोंड बाहेरच्या बाजूला, झाकणाकडे. बाहेर गच्ची आहे, आभाळ आहे, माणसं आहेत. दोन वर्षांनी दिसतायत. मी आतल्या काळोखाकडे कशाला वळू?"

"मग वळतं कोण?"

त्यांनी तेल लावलेला खांदा दुसऱ्या हातानं झाकून घेतला. "तीन दिवस झाले, गारठलाय नुसता," एवढंच म्हणाले.

रुमानाचा त्यांच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. ज्याला सुटायचंय तो खोटं बोलणारच. जाता जाता ती म्हणाली, "मी ती दुर्बीण फोडून टाकीन."

"मग यांचं काय?" बाईंनी विचारलं. रुमाना जिना उतरायला लागली.

घरी येऊन तिनं अब्बांना सगळं सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं ती आता म्हणते. पण घरात दोनच माणसं, आणि तिचा चेहरा दिसला नाही तरी श्वास मकबूलभाईंना ऐकू यायचा. घरात ते दखनी बोलायचे, पण दुकानातली तीस वर्षं मराठीत गेलेली, त्यामुळे गंभीर काही असलं की मराठीवर यायचे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मराठीतच विचारलं,

"झाकण लावल्यावर त्यांना दिसतं म्हणालीस. स्वच्छ दिसतं?"

"टाकीखालची ओल दिसते अब्बा."

"आणि कडेचं? कडेचंही दिसतं?"

"अब्बा, मी उद्या संध्याकाळी ती परत देऊन येणार आहे. तुम्ही तिकडे जायचं नाही."

"मी कुठे जातोय," ते म्हणाले. "मला जिना तरी दिसतो का?"

दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या बसमध्ये बसली तरी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. अब्बांनी आणखी काहीच विचारलं नव्हतं. घड्याळ उघडलं की मकबूलभाई असेच गप्प व्हायचे. तिनं दुपारी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिनं सुट्टी टाकली आणि दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकून, नखं कुरतडत घरी आली. कपाट उघडं होतं. जिन्याच्या कठड्यावर गोधडी पडली होती.

ऊन उतरलं होतं. गच्चीवर अब्बा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. दुर्बीण टाकीवर टेकवलेली, तोंडावर झाकण घट्ट. कॅमेऱ्याच्या जागी त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग बसवलं होतं. आयुष्यभर जे केलं ते बोटांना न बघता जमत होतं.

"वीस-पंचवीस वेळा डोळा लावला," ते म्हणाले. "मग वळला बिचारा. माझ्याहून घाबरलेला होता."

"अब्बा..." रुमाना त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. त्यांचे डोळे तिच्यावरून तसेच पुढे गेले.

"रडू नको. हे जाणारच होते, वर्षभर आधी गेले. तू अजून तिशीत आहेस." त्यांनी मान किंचित तिरकी केली. "दोरीवर अकरा चिमटे आहेत बेटा. एकाची स्प्रिंग गेलीये. सात वर्षांनी चिमटे मोजतोय मी. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात ना... मला एक दिलाय. चालेल."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. उत्कर्षाबाई होत्या.

"ह्यांनी आज पेपर वाचला," बाई म्हणाल्या. "छोट्या जाहिरातींसकट." आणि फोन ठेवला.

त्याच रात्री रुमानानं एक प्रयत्न केला. दुर्बीण देवयानीवर रोखली आणि झाकण काढलं.

"काय दिसतंय अब्बा?"

"काही नाही. काळोख." अब्बांनी हात पुढे करून चाचपडायला सुरुवात केली. "लाव बेटा. झाकण लाव."

म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, ती तेवढी त्यांना कधीच दिसणार नव्हती. रुमाना त्या रात्री खूप रडली. अब्बा म्हणाले, "देवयानी गेली दूर. तू समोर बस."

मग दुर्बीण घरात आली. बैठकीत तिवईवर उभी राहिली, कायम झाकण लावलेली. पहिल्या दिवशी अब्बा म्हणाले, "आधी हमीदाकडे फिरव," आणि रुमानानं नळी भिंतीवरच्या अम्मीच्या फोटोकडे फिरवली. अर्धा तास त्यांनी नळी हलवू दिली नाही. पुढे सवय झाली. जेवताना नळी टेबलाकडे, मॅच असली की टीव्हीकडे, संध्याकाळी दाराकडे, म्हणजे रुमाना आत आली की आधी तिचा चेहरा दिसावा. पाहुणे विचारायचे, घरात दुर्बीण कशाला? अब्बा सांगायचे, "माझा चष्मा आहे तो. जरा मोठ्या नंबरचा." खरं सांगायचं तर त्या घरात इतका आनंद बऱ्याच वर्षांत नव्हता.

फक्त एकच गोष्ट रुमानाला सोडत नव्हती. अब्बांनी तिला वचन दिलं होतं, "मी वळणार नाही. का वळू? माझं सगळं समोरच आहे." तिचा अब्बांवर विश्वास होता. पण शब्दावर विसंबून राहायची तिला सवय नव्हती. गोपाळकृष्णही हेच म्हणाले होते. म्हणून संक्रांत उलटल्यावर तिनं ठरवलं, दर अमावस्येला एकच डार्क काढायचा. फक्त खात्रीसाठी. अब्बांनी भिंग बसवलं होतं तिथे कॅमेरा जोडायचा, तीन मिनिटं, बस्स.

पहिल्या अमावस्येला पाठ होती. जाळीची पांढरी टोपी, जरासा झुकलेला डावा खांदा. तिला ती पाठ ओळखीची वाटून बरं वाटलं. नळीला आता घड्याळाच्या तेलाचा वास यायचा.

दुसऱ्या अमावस्येलाही पाठच होती. पण टोपी किंचित तिरकी वाटली. तिनं दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. फरक इतका बारीक होता की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. तिनं अब्बांना विचारलं, "तुम्ही वळत तर नाही ना?"

अब्बांना ते लागलं. "एकदा सांगितलं ना," ते म्हणाले. मग उजवा खांदा चोळत, "हवा गार झालीये यंदा. खांदा भरून येतोय," असंही म्हणाले. बाहेर तेव्हा पंखे लावण्याइतकं उकडायला लागलं होतं. रुमानाला ते त्या वेळी सुचलं नाही.

तिसऱ्या अमावस्येला तिनं एकाऐवजी दोन डार्क लावले. एकानं शंका मिटत नव्हती, ताडून बघायला दुसरा हवा, हा तिचा कामातला नियम. संध्याकाळचे साडेसात झाले होते. अब्बा खुर्चीत बसले होते. नळी रुमानाकडे वळवलेली होती आणि ती त्यांच्यासमोर टेबलाशी बसून लॅपटॉपकडे बघत होती. खिडकीतून गारवा आल्यासारखं वाटलं म्हणून तिनं हिरवा स्वेटर अंगावर घेतला होता.

पहिला फोटो आला. तिनं उजेड वाढवला.

अब्बांची पाठ. टोपी. आणि टोपीखाली कानाची कड.

उजव्या खांद्यावर एक हात होता. तो पलीकडून आलेला नव्हता. फोटो बघणारा जिथे असतो त्या बाजूनं, चौकटीच्या खालून तो पुढे गेला होता आणि चार बोटांनी त्यानं खांदा धरला होता, आपल्याकडे वळवण्यासाठी धरावा तसा. मनगटावर स्वेटरची बाही होती. तिची वीण उसवलेली होती आणि एक धागा लोंबत होता.

रुमानानं स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. तोच धागा कीबोर्डवर टेकला होता.

"बेटा," अब्बा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तू समोर बसलीयेस ना?"

"हो अब्बा. समोरच आहे."

"तुझे दोन्ही हात मला दिसतायत..." त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला, पण ती हलली नाही. "मग हात काढ म्हणून मी सांगू कुणाला?"

रुमानानं वायर ओढायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबवला, कारण हात पुढे करायचं आता तिलाच भय वाटत होतं. एका फोटोला तीन मिनिटं लागतात. दुसरा केव्हाच सुरू झाला होता.